रोशनबीच्या परसातली झारी

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्हांला हसूच येईल. माझं नळकांडं डावीकडे कललेलं आहे, बुड मूळचं नाही, आणि पोटावर कथलाचे इतके डाग आहेत की माझा पहिला पत्रा कुठला आणि ठिगळ कुठलं हे मलाही सांगता यायचं नाही. मी झाडांना पाणी घालायची एक जुनी झारी आहे. राजाच्या बागेत किंवा साहेबाच्या बंगल्यात मी कधी गेले नाही. नाशिकरोडजवळ, वालदेवी नदीच्या बाजूला, एका लहानशा घराच्या परसात माझं आयुष्य गेलं. पण तिथं मी जे पाहिलं ते सांगण्यासारखं आहे.

जन्मानं मी घासलेटचा डबा. रेल्वेनं आले, एका दुकानात रिकामी झाले आणि जुन्या नाशकात इनायतमियाँच्या पुढ्यात येऊन पडले. इनायतमियाँ रिकाम्या डब्यांपासून चिमणीचे दिवे, चाळण्या, मापं असं काय काय बनवत. एके दिवशी नजीर नावाचा एक तरुण त्यांच्याकडे आला. तो एका छापखान्यात यंत्रावर काम करी.

"चाचा, झाडांना पाणी घालायची झारी करून द्या. बाईमाणसाला उचलेल अशी."

"घरवालीसाठी का?"

"नाही, आईसाठी. कोकणातून आणलीय तिला. दिवसभर उंबऱ्यावर बसून असते, कुणाशी बोलत नाही. हाताला काही काम मिळालं तर..."

इनायतमियाँनी मला कापलं, वाकवलं, ठोकलं आणि सांध्यांना कथलाचा डाग दिला. नळकांड्याच्या तोंडाशी बारीक भोकं पाडलेली चकती बसवली. पण नळकांडं जोडताना त्यांचा हात जरा हलला आणि मी जन्माची तिरपी झाले. नजीर माझ्याकडे पाहतच राहिला.

"तिरकी झाली खरी," इनायतमियाँ हसून म्हणाले, "पण बेटा, पाणी खालीच पडेल. घेऊन जा."

अशी मी रोशनबीच्या हाती आले.

रोशनबी दाभोळच्या खाडीकाठची. नवरा जहाजावर खलाशी होता. तो एका सफरीवरून परतलाच नाही. मागे उरली ती दोन माडांच्या मधलं घर राखत एकटी राहिली होती. एकुलता मुलगा इतक्या दूर नोकरीला, म्हणून तोच तिला आगबोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं घाट चढवून इकडे घेऊन आला. आली ती नेमकी वैशाखात. इथला वारा तिला सोसेना. ओठ फुटले, नाकातून रक्त येऊ लागलं. अंगाला घाम म्हणून यायचा नाही, त्याचंच तिला भय वाटे. "घाम नाय येत म्हणजे माणूस आतून सुकतंय," असं ती सुनेला म्हणायची.

सून सलिमा. तीही त्याच किनाऱ्यावरची, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. सलिमा अबोल, कामसू पोर. सासूची कुरकूर ती ऐकून घेई आणि तिच्या पायांना तेल चोळून देई.

रोशनबीनं गाठोड्यातून गावची झाडं आणली होती. मोड आलेला एक नारळ, फडक्यात बांधलेले अळूचे कांदे आणि अबोलीची मुळासकट उपटलेली रोपं. परसातली जमीन काळी होती आणि उन्हानं तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. रोशनबीनं मला विहिरीवर भरून आणलं आणि पहिलं पाणी ओतलं. ते भेगेत गेलं आणि दिसेनासं झालं. ती पुन्हा भरून आली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ती कमरेवर हात ठेवून मातीशीच भांडली, "अगो, पितेस तरी किती? आमच्याकडं एवढ्या पाण्यात गलबत तरंगलं असतं!"

त्या घरात आल्यापासून ती एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच बोलली होती. चुलीपाशी बसलेल्या सलिमानं पदराआड हसून घेतलं.

परसाला काटेरी कुंपण होतं आणि पलीकडे कुसाबाई आणि तिचा नवरा बहिरू यांचं भाजीचं शेत होतं. पावसाळा आला आणि रोशनबीची झाडं तरारली. अळूची पानं सुपाएवढी झाली, अबोली फुलली, नारळानं दोन हिरव्या पात्या काढल्या. मला त्या दिवसांत फारसं काम नव्हतं, पण रोशनबी मला घासूनपुसून वळचणीला टांगून ठेवी. कुसाबाई कुंपणाशी आली की रोशनबी तिला नारळ दाखवी आणि मान ताठ करी.

"लय झ्याक हाय," कुसाबाई म्हणाली, "पन बाई, दिवाळीनंतर जपा. इथं थंडी लय वंगाळ पडती."

"थंडी म्हणजे ती काय गो? एक वाकळ जास्त घ्यायची."

कुसाबाईनं विषय तिथंच सोडला. ती भली बाई होती, आणि दुसऱ्याच्या हौसेवर पाणी टाकायचा तिचा स्वभाव नव्हता.

मित्रांनो, पौषात ती थंडी आली. रोज थोडी थोडी वाढत गेली आणि एका सकाळी नदीकाठच्या गवतावर साखर सांडल्यासारखं पांढरं पडलं. माझ्या पोटात उरलेल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. रोशनबी अंगाभोवती घोंगडी लपेटून परसात आली आणि जागच्या जागी थांबली. अबोली काळी पडून लोंबत होती. अळूची पानं उकडल्यासारखी जमिनीला चिकटली होती. नारळाच्या कोवळ्या कोंबाला तिनं बोट लावलं, तर तो हातातच आला.

मला तिनं न्हाणीमागे टाकून दिलं आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

माझे वाईट दिवस तेव्हा सुरू झाले. पोटात पाणी तसंच राहिल्यामुळे माझ्या बुडाला गंज चढला. चकतीच्या भोकांत कोळ्यानं जाळं केलं. पण माझ्यापेक्षा वाईट दिवस घराचे होते. खिडकी माझ्या डोक्यावरच होती, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येई. रोशनबीला खोकला लागला होता. जेवण ती दोन घासांवर सोडून देई. नजीर कामावरून आला की तिचं एकच पालुपद.

"मना माझ्या घरी नेऊन सोड."

"अम्मा, तिथं तुझं करणारं कोण आहे?"

"हितं तरी कोण जगतंय? माझी झाडं मेली ती बघितलीस ना? मीपण तशीच मरेन."

"सलिमाला दिवस गेलेत, ते तरी बघ. पहिली वेळ आहे तिची. निदान तोवर तरी..."

"तिला सुईण मिळेल. मना हवा कोण देणार?"

नजीर थकला होता. पुढच्या महिन्यात रजा काढून आईला पोचवून यायचं, असं त्यानं कबूल करून टाकलं. आतल्या खोलीत सलिमा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी मला उचललं. सलिमा होती. तिनं काडीनं माझी भोकं मोकळी केली, विहिरीवर नेऊन मला भरलं आणि जड पावलांनी परसात आली. माझं बुड एव्हाना पाझरू लागलं होतं. तिच्या पायावर पाणी ठिबकत होतं. ती सरळ त्या मेलेल्या नारळापाशी गेली आणि पाणी घालू लागली. त्यानंतर रोज सकाळी तिनं हाच नेम धरला. मला ते वेड्यासारखं वाटे, पण झारीनं प्रश्न कुणाला विचारायचे?

एका सकाळी रोशनबीनं तिला पाहिलं. ती दारातूनच कडाडली, "पोटुशी बाई तू, भरलेली झारी उचलत्येस? आणि घालत्येस कुणाला? मेलाय तो माड!"

सलिमानं मला खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले.

"मेलाय ते मलाही कळतं, अम्मा. पण त्याला पाणी घालत राहिले तर तुम्ही जाणार नाही, असं आपलं उगाच वाटतं."

"माझ्यावाचून काय अडलंय गो तुझं?"

"मला इथं करमतं असं वाटलं तुम्हांला? दोन वर्षं मी इथं गप्प बसून काढली. हे दिवसभर कामावर. माझ्या आईला मी नीट पाहिलंसुद्धा नाही. तुम्ही आलात आणि कुणीतरी मला 'गो' म्हणून हाक मारली. तुम्ही गेलात की ती हाकही जाणार."

रोशनबी पायऱ्या उतरून आली. आपल्या अंगावरची घोंगडी तिनं सुनेच्या खांद्यावर टाकली आणि मला स्वतः उचलून घेतलं. "जा, चुलीशी बस," एवढंच म्हणाली. सलिमा आत गेल्यावर तिनं तो नारळ दोन्ही हातांनी उपटला. मुळं कुजून गेली होती. त्याच्याकडे एकदा पाहून तिनं तो कुंपणाबाहेर टाकला आणि हाक दिली, "कुसाबाय, अगो कुसाबाय! ह्या मेल्या थंडीत जगतं तरी काय तुमच्याकडं?"

कुसाबाई शेतातून हात पुसत आली. "जगत्यात की! मेथी हाय, वाटाना हाय, मुळा हाय. थंडी पडली का वाटाना कसा गोड धरतो! थंडी तुमच्या झाडांला वंगाळ. आमच्या भाजीला तीच दूध पाजती."

रोशनबीला हे नवलच वाटलं. जी थंडी आपल्या माडाचा जीव घेते तिच्यावर कुणी पोसलं जात असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं मूठभर बी मागून घेतलं. नजीरनं मला जुन्या नाशकात नेऊन नवं बुड बसवून आणलं. पाठोपाठ वाफे तयार झाले आणि मेथीची इवली इवली पानं वर आली तेव्हा रोशनबी त्यांच्यापाशी उकिडवी बसून राहिली. पहिल्या जुडीची भाजी तिनं स्वतः केली आणि त्यात गावाहून आणलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घातले. नजीर जेवताना म्हणाला, "अम्मा, पुढच्या आठवड्याची रजा मिळते आहे." त्यावर ती म्हणाली, "मग घरी बस आणि विहिरीचा रहाट दुरुस्त कर."

फाल्गुन सरला आणि ऊन तापू लागलं. तो कोरडा वारा पुन्हा सुटला. कुसाबाईनं सांगून टाकलं, "आता परसात काय बी ऱ्हायचं नाय. सोडा नाद." पण रोशनबीला आता हट्ट चढला होता. तिच्या गावी बायका माडाच्या झावळ्या विणून झापं करतात, म्हणजे आडोशाला लावायच्या चटया. इथं माड कुठला? पण ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती. तिनं शिंदीची पानं आणवली, पाण्यात भिजवून मऊ केली आणि विणायला बसली. पानं बोटांना टोचत, रक्त येई, तरी तिची बोटं चालूच. वाफ्यांवर तिनं त्या झापांचा मांडव घातला. सकाळ-संध्याकाळ माझ्या चकतीतून त्यांवर पाणी शिंपडायचं, हे माझं नवं काम.

कुसाबाई ते पाहायला आली आणि मांडवाखाली हात घालून म्हणाली, "अगं बया, हितं तर माघ महिनाच हाय!" तिनं वांग्यामिरच्यांच्या रोपांसाठी नुकतंच बी टाकलं होतं. पावसाआधी तयार होणाऱ्या त्या रोपांवर तिची पुढची सगळी लावणी अवलंबून होती. रोशनबीनं तिच्यासाठी दारं झाकतील एवढी मोठी झापं विणून दिली. मांडवाखाली कुसाबाईची रोपं बोटभर वाढली.

त्याच सुमारास सलिमा बाळंत झाली. मुलगी झाली. नाव ठेवलं खुर्शीदा. पोर नाजूक होती आणि वैशाख तर यंदा गेल्या सालाहून कडक निघाला. त्या घराचं छप्पर माझ्याच जातीच्या पत्र्याचं होतं. पत्रा तापला की काय होतं हे मी तुम्हांला सांगायला नको. खोलीची भट्टी झाली. एका दुपारी पोरीनं दूध तोंडात घेणं सोडलं. अंग तापलेलं, रडणंही क्षीण झालेलं. डॉक्टर येऊन गेले. औषध दिलं आणि म्हणाले, "उन्हाचा तडाखा आहे. काहीही करा, पण खोली गार ठेवा."

खोली गार ठेवायची कशी? नजीर छपरावर घागरी ओतू लागला. पाणी चरचरून वाफ होऊन जाई. रोशनबी पोरीला मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं पुसत होती. तिची नजर माझ्याकडे गेली, मग परसातल्या मांडवाकडे. त्या मांडवाखाली किती गार असतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती पोरीला सलिमाजवळ देऊन धावली आणि आपली झापं ओरबाडून काढली. खिडकीला लावली. पण ती लहान, खिडकीचा अर्धा भागही झाकेना. दार तर उघडंच.

ही धांदल कुसाबाईनं कुंपणावरून पाहिली. "काय झालं, रोशनबी?"

रोशनबीनं दोन वाक्यांत सांगितलं. मोठी झापं तिनं मागितली नाहीत. त्या झापांखाली काय आहे हे तिला माहीत होतं. कुसाबाई वळली आणि शेतात गेली. थोड्या वेळानं बघते तर ती आणि बहिरू डोक्यावर झापं घेऊन येताहेत. बहिरू वाटेत म्हणत होता, "अगं, रोपं जळतील. सांजच्याला काय बी ऱ्हायचं नाय."

"रोपं काय, मी फिरून टाकीन," कुसाबाई म्हणाली. "ह्ये लेकरू फिरून येतंय का? धर नीट."

त्यांनी दाराखिडकीला झापं बांधली. रोशनबीनं मला भरलं आणि बाहेरून त्यांवर पाणी शिंपडायला सुरुवात केली. तो कोरडा, तापलेला वारा ओल्या पानांतून आत शिरला आणि आत जाताना गार झाला. तिच्या गावी हे कधी जमलं नसतं, कारण तिथल्या हवेतच पाणी असतं. इथं तो सुकलेला वाराच उपयोगी पडला. ती मला भरत होती, शिंपडत होती, पुन्हा भरत होती. तिचा हात भरून आला की कुसाबाई मला घेई, मग नजीर, मग बहिरूसुद्धा. माझ्या मुठीचा सांधा निखळायला आला होता, पण त्या दुपारी मला सांध्याची चिंता नव्हती.

ऊन कलताना आतून सलिमाची हाक आली, "अम्मा, पितेय! दूध पितेय!"

रोशनबी होती तिथंच ओल्या जमिनीवर बसली. कुसाबाई तिच्या शेजारी बसली.

कुसाबाईची रोपं त्या दुपारी करपली. खोटं कशाला सांगू? एकही वाचलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी रोशनबीनं आपल्या परसातली मेथीची रिकामी जागा खणली आणि कुसाबाईकडून बी घेऊन तिथं तिची रोपं टाकली. उन्हाळा सरेपर्यंत झापं दुपारी दाराखिडकीला आणि सकाळ-संध्याकाळ रोपांवर, अशी रोज फिरत राहिली आणि मी त्यांच्यामागे. दुपारच्या उन्हात रोपांवर रोशनबीचं जुनं लुगडं ताणलेलं असे. पाऊस पडल्यावर ती रोपं कुसाबाईच्या शेतात गेली. तिची वांगी त्या साली बाजारात सगळ्यांच्या मागून आली. पण आली. आणि न्हाणीच्या पाण्यावर अळूही आपणहून पुन्हा उगवलं. आम्ही ते मेलं असं समजून बसलो होतो.

पुन्हा थंडीचे दिवस आले. एका सकाळी नजीर दाढी करता करता म्हणाला, "अम्मा, पावसानंतर आगबोटी केव्हाच सुरू झाल्यात. गेल्या साली तुझं जाणं राहून गेलं. यंदा म्हणशील तर पोचवून येतो."

रोशनबी कुंपणाशी वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"आता? वाटाणा फुलावर आलाय आणि मी कुठं जाऊ? पोरगी चालायला लागू दे. मग सगळीच जाऊ, माड बघून परत येऊ."

"परत येऊ" हे शब्द तिनं अगदी सहज उच्चारले. नजीरनं आरशातून सलिमाकडे पाहिलं. सलिमा खाली मान घालून पोरीला भरवत होती, आणि हसत होती.

मित्रांनो, त्याला आता काही वर्षं झाली. मी पुन्हा पाझरू लागले आहे. नजीर नवी झारी आणायचं म्हणतो, पण रोशनबी ऐकत नाही. "उन्हात पायावर ठिबकतं ते बरं वाटतं," म्हणते. एक दिवस मी खरीच निकामी होईन, त्याचं मला दुःख नाही. तुमच्याजवळ मात्र एक मागणं आहे. तुमच्या आळीत कुणी दूरच्या मुलखातून राहायला आलं, त्याला तुमचं ऊन बाधलं, तुमची थंडी सोसवेना, तर त्याला नाजूक म्हणून हसू नका. कुंपणाशी जा. त्यानं काय लावलंय ते विचारा आणि तुमच्याकडचं मूठभर बी त्याच्या हातावर ठेवा. पाणी घालायला माझ्यासारखं कुणीतरी मिळतंच. मूठभर बी मात्र शेजाऱ्यानंच द्यावं लागतं.